अंगठा आणि सही

आमची फाइल १४२ पानांची झाली होती आणि त्या मुलीची अकरा. आकडा इतका नेमका सांगता येतो, कारण दत्तक प्रक्रियेतून माघार घेतल्यानंतर दोन्ही फाइलींच्या छायाप्रती मी जवळ ठेवल्या आणि एका संध्याकाळी, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, पाने मोजली. आमच्या १४२ पानांत पगाराचे दाखले होते, तीन वर्षांची करविवरणपत्रे होती, रक्ताच्या तपासण्या, पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, चार परिचितांची शिफारसपत्रे आणि गृहभेटीचा लांबलचक अहवाल होता. सामाजिक कार्यकर्ती तीनदा घरी येऊन गेली. औषधांचे कपाट जमिनीपासून किती उंचीवर आहे ते तिने पाहिले, आमची भांडणे कशावरून होतात ते विचारले, आणि मूल न होण्याचे दुःख आम्ही पचवले आहे का, हे आधी आम्हा दोघांना एकत्र बसवून आणि मग वेगवेगळे बसवून विचारले. यांतल्या कशाबद्दलही माझी तक्रार नाही. ज्यांच्या हाती दुसऱ्याच्या पोटचे मूल द्यायचे, त्यांची झडती घेतलीच पाहिजे. माझी तक्रार आहे ती त्या अकरा पानांबद्दल. ते मूल कुठून आले, कोणाच्या संमतीने आले आणि ती संमती काय सांगून घेतली गेली, याची झडती त्या सबंध व्यवस्थेत कोणीही घेत नव्हते. आणि ती आम्ही घेऊ लागलो, तेव्हा तोच आमचा दोष ठरला.

ही हकिगत आंतरदेशीय दत्तक प्रक्रियेची आहे. ज्या देशातून मूल येणार होते त्या देशाचे आणि मधल्या संस्थेचे नाव मी देत नाही. संस्था परवानाधारक होती, तिचे कार्यालय नीटनेटके होते, तिथली माणसे मृदू बोलत. आमच्या मनात दत्तक व्यवहारातल्या गैरप्रकारांचे चित्र होते ते अंधाऱ्या खोलीत बसलेल्या दलालाचे. त्यामुळे हसतमुख स्वागतिका आणि भिंतीवर लावलेले मुलांचे फोटो पाहून आम्ही निर्धास्त झालो, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्याच माहितीसत्रात पडद्यावर एक आकडा झळकला: जगात १४ कोटी अनाथ मुले. सभागृहात क्षणभर शांतता पसरली आणि मी माझ्या पतींचा हात धरला. तो आकडा खोटा नव्हता. युनिसेफचा २०१५ सालचा अंदाज साधारण तेवढाच होता. मात्र आई किंवा वडील यांपैकी एक जण जरी गेला असला तरी युनिसेफ त्या मुलाची गणना अनाथांमध्ये करते, आणि दोघांनाही गमावलेली मुले त्या १४ कोटींत सुमारे १ कोटी ५१ लाख होती, हे त्या सत्रात कोणी सांगितले नाही. या मुलांपैकी बहुसंख्य मुले हयात असलेल्या पालकाकडे, आजी-आजोबांकडे किंवा अन्य नातलगांकडे राहतात आणि त्यांतील ९५ टक्के पाच वर्षांहून मोठी असतात, हेही नाही. आमच्यासह त्या सभागृहातल्या जवळपास प्रत्येकाने अर्जात दोन वर्षांखालील, निरोगी मूल मागितले होते. म्हणजे पडद्यावरचा आकडा एका मुलांचा आणि आमची मागणी दुसऱ्याच मुलांची. खरोखर निराधार, खरोखर निरोगी आणि खरोखर तान्ही अशी मुले जगात इच्छुक पालकांच्या मानाने फार थोडी आहेत, आणि या तफावतीतूनच बाकीचे सगळे सुरू होते, हे समजायला मला पुढे दीड वर्ष लागले.

करारपत्राबरोबर शुल्काचे कोष्टक आले. नोंदणी, गृहभेट, भाषांतर, नोटरी, न्यायालयीन खर्च ही कलमे समजण्यासारखी होती. त्याखाली दोन ओळी होत्या: 'परदेशातील कार्यक्रम खर्च' आणि 'शिशुगृहास देणगी'. या दोन ओळींची रक्कम वरच्या सगळ्या कलमांच्या बेरजेहून मोठी होती. देणगी ऐच्छिक आहे का, असे मी विचारले, तेव्हा समन्वयक बाई हसून म्हणाल्या, "ऐच्छिकच, पण सगळे देतात." शिवाय ही रक्कम मूल आणायला जाताना रोख न्यायची होती आणि तिची पावती मिळेलच असे नव्हते. २९ मे १९९३ रोजी झालेल्या, आंतरदेशीय दत्तकाविषयीच्या हेग करारातले ३२ वे कलम मी तोवर वाचलेले नव्हते. आंतरदेशीय दत्तकाच्या कामातून कोणालाही अनुचित आर्थिक किंवा अन्य लाभ होता कामा नये आणि केवळ प्रत्यक्ष खर्च व वाजवी व्यावसायिक मोबदला एवढेच आकारता येईल, असे ते कलम सांगते. हे माहीत असते तरी आम्ही त्या दिवशी सही केली नसती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आम्हाला मूल हवे होते, आणि हव्याशा वस्तूच्या दुकानात माणूस पावती तपासत बसत नाही. 'वस्तू' आणि 'दुकान' हे शब्द मी लिहून खोडले आणि पुन्हा लिहिले आहेत.

मग फोटो आला. औपचारिक जुळणी व्हायच्या, वैद्यकीय अहवाल यायच्या आणि कायदेशीर कागद भाषांतरित व्हायच्या आधीच तो एका दुपारी फोनवर आला. पिवळ्या चादरीवर निजलेली, एक मूठ तोंडाजवळ धरलेली, चार महिन्यांची मुलगी. खाली एकच ओळ होती: 'तुमची मुलगी तुमची वाट पाहत आहे.' आम्ही ७२ तासांत होकार कळवायचा होता. माझ्या पतींनी तो फोटो त्याच रात्री फोनच्या पडद्यावर लावला, आणि आम्ही तिच्यासाठी नाव ठरवले. आज मागे वळून पाहताना मला वाटते, या सबंध व्यवहारातली सर्वांत हुशारीची चाल हीच होती. आधी फोटो आणि मागाहून कागद. एकदा त्या मुलीला नावाने हाक मारू लागल्यावर तिचे कागद तपासणे म्हणजे तिच्यावरच संशय घेणे वाटू लागते. होकार आम्ही दुसऱ्याच दिवशी कळवला.

अकरा पाने त्यानंतर तीन आठवड्यांनी आली. प्रसूतिगृहाचा दाखला, जन्मनोंद, लसीकरणाचे एक पान, दोन पानांचा वैद्यकीय अहवाल, आईची सामाजिक पार्श्वभूमी सांगणारे दीड पान, आणि समर्पणपत्र, म्हणजे आईने मुलीवरचा हक्क सोडल्याचा दस्त, मूळ भाषेत व भाषांतरासह. मी पेशाने हिशेब तपासनीस आहे. कागद पाहिला की आधी तारखा आणि सह्या पाहायच्या, ही सवय जाता जात नाही. तारखा बरोबर होत्या. मूल जन्मल्यानंतर नवव्या दिवशी समर्पणपत्र झाले होते. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, नोटरीचा शिक्का होता आणि आईच्या नावापुढे निळ्या शाईतला अंगठ्याचा ठसा होता. मी पान उलटले. मग काहीतरी खटकले म्हणून पुन्हा मागे गेले. प्रसूतिगृहातून घरी सोडतानाच्या कागदावर, 'बाळ व आई सुखरूप' या छापील ओळीखाली, त्याच बाईची सही होती. घाईतली, तिरकी, पण सराईत सही; शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली शेपटी असलेली. लिहिता न येणारी बाई नाव गिरवते तेव्हा अक्षरे सुटी सुटी पडतात. ही तशी नव्हती.

सहाव्या दिवशी सही करणारी बाई नवव्या दिवशी अंगठा का उठवील?

याची निर्दोष उत्तरे असू शकतात, आणि मी ती सगळी स्वतःला देऊन पाहिली. तिथल्या नोटरीला अंगठाच लागत असेल. तिचा हात दुखावला असेल. प्रसूतिगृहात तिच्या वतीने बहिणीने सही केली असेल. दोन दिवस मी पतींना काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाने टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि काही न सांगता बाजूला झाले. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "दाखवायला नको होतेस." त्या वाक्याचा मला राग आला होता. आता येत नाही.

समन्वयक बाईंना मी लेखी विचारले. उत्तर फोनवर आले. आमच्या प्रश्नांची उत्तरे नेहमी फोनवरच येत आणि पैशांच्या मागण्या मात्र लेखी येत. आधी त्या म्हणाल्या, त्या भागात असे चालते. मग म्हणाल्या, बाळंतपणानंतर बाईची अवस्था नाजूक असते. मी विचारले, की तटस्थ सामाजिक कार्यकर्तीला पाठवून आईची एकदा गाठ घेता येईल का, खर्च आम्ही देऊ. तेव्हा गोपनीयतेचा मुद्दा निघाला. आईची ओळख जपणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. गोपनीयता ही खरोखर मोलाची गोष्ट आहे. कितीतरी बायकांच्या जिवाचा प्रश्न तिच्यात अडकलेला असतो. पण आम्ही तिचे नाव मागत नव्हतो, ते तर फाइलीत होतेच. आम्ही फक्त एवढेच मागत होतो की हा दस्त तुझा आहे का, हे तिला कोणीतरी विचारावे. त्या पडद्याआड आईपेक्षा संस्थाच अधिक झाकली जात होती. संभाषणाच्या शेवटी बाईंचा आवाज किंचित बदलला. इतके प्रश्न विचारणारे पालक मुलाला मनाने स्वीकारायला तयार आहेत का, हे गृहभेटीच्या अहवालात पुन्हा पाहावे लागेल, असे त्या म्हणाल्या, आणि पाठोपाठ, अगदी सहज सांगावे तसे, दुसरे एक कुटुंब तयार असल्याचेही सांगितले.

त्यानंतरच्या रात्री मी वाचण्यात घालवल्या. आपल्याच वाट्याला काही विचित्र आले आहे की हे जुनेच आहे, एवढे मला पाहायचे होते. ते जुनेच होते. दस्तावर अंगठा नेमका कोणाचा, हा माझा प्रश्न ग्वाटेमालातही विचारला गेला होता. तिथे दत्तकाचा सगळा व्यवहार खासगी नोटरींच्या हाती होता. गरोदर आणि गरीब बायका हेरून आणणाऱ्या मध्यस्थ बायकांना मुलामागे पैसे मिळत, आणि २००६ व २००७ या वर्षांत दर वर्षी चार हजारांहून अधिक मुले एकट्या अमेरिकेत गेली. त्या देशात जन्मणाऱ्या दर शंभर मुलांमागे जवळपास एक. आई खोटी उभी केली जाते अशी ओरड झाल्यावर आई-मुलाची डीएनए चाचणी सक्तीची झाली, तर नमुनेच बदलले जाऊ लागले. शेवटी २००७ च्या अखेरीस नवा कायदा झाला आणि ती वाट बंद झाली. श्रीलंकेतून १९८० च्या दशकात हजारो मुले युरोपात गेली, त्यांतल्या काहींच्या बाबतीत दत्तक पालकांसमोर आई म्हणून भलतीच बाई पैसे देऊन बसवली होती, असे नंतर उघड झाले. त्या पालकांनी त्या बाईच्या डोळ्यांतले पाणी आयुष्यभर लक्षात ठेवले असेल, मुलांना त्याची गोष्ट सांगितली असेल.

चिलीत तर अंगठ्याचीही गरज पडली नव्हती. पिनोशेच्या लष्करी राजवटीत बाळंतिणींना मूल दगावले असे सांगून ती मुले परदेशी पाठवली गेली. ज्या आईच्या लेखी मूल मेलेले आहे, तिची संमती कोण विचारणार? दक्षिण कोरियाने कोरियन युद्धानंतरच्या दशकांत सुमारे दोन लाख मुले परदेशी पाठवली. तिथल्या सत्य व सलोखा आयोगाने मार्च २०२५ मध्ये जो निष्कर्ष जाहीर केला, त्यात पालक हयात असलेल्या मुलांच्या अनाथ म्हणून केलेल्या नोंदी आहेत, पाठवायचे ठरलेले मूल मेले किंवा पालकांनी परत नेले तर त्याच्या कागदांवर दुसरेच मूल पाठवल्याची प्रकरणे आहेत, आणि या सगळ्यावर देखरेख न ठेवल्याबद्दल सरकारवर ठपका आहे. हे वाचताना मला सर्वांत जास्त झोंबली ती कागदांची स्वच्छता. प्रत्येक फाइलीत शिक्के होते, तारखा होत्या, आणि परदेशातल्या कुठल्यातरी घरात आमच्यासारखेच कोणीतरी ती फाइल कपाटात जपून ठेवत होते.

अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक डेव्हिड स्मोलिन यांनी याच प्रकाराला 'चाइल्ड लाँडरिंग' हा शब्द रूढ केला. काळा पैसा कागदोपत्री फिरवून पांढरा करावा, तसे फसवून, विकत घेऊन किंवा पळवून आणलेले मूल कागदांच्या साखळीतून फिरवून कायदेशीर अनाथ करायचे. स्मोलिन हे तटस्थ अभ्यासक म्हणून लिहीत नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने १९९८ मध्ये आंध्र प्रदेशातून दोन बहिणी दत्तक घेतल्या होत्या. आपल्याला आईपासून तोडून आणले आहे, असे मुलीच सांगू लागल्या, आणि काही वर्षांनी आई सापडली तेव्हा कळले, की तिने मुलींना शिक्षणासाठी म्हणून तात्पुरते संस्थेत ठेवले होते. त्याच सुमारास आंध्रातल्या लंबाडी (बंजारा) तांड्यांवरून तान्ह्या मुली विकत आणून दत्तक दिल्याची प्रकरणे बाहेर आली होती. आणि हे सारे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे खटल्यात, १९८४ साली, परदेशी दत्तकासाठी तपशीलवार दंडक घालून दिल्यानंतरचे आहे. नियम नव्हते म्हणून हे घडले, असे म्हणण्याची सोय नाही.

'तात्पुरते' या शब्दापाशी मी अडखळले. समर्पणपत्राच्या भाषांतरात लिहिले होते, 'मी माझ्या कन्येवरील सर्व हक्क कायमचे व अपरिवर्तनीयपणे सोडत आहे.' मूळ मजकूर मला वाचता येत नव्हता. ओळखीतून त्या भाषेची एक विद्यार्थिनी मिळाली. तिला मी संदर्भ न सांगता, नावे झाकून, फक्त मधला परिच्छेद वाचायला दिला. तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, "यात संस्थेच्या सांभाळात देत आहे असे आहे. पुढे कुठेही पाठवायला हरकत नाही असेही आहे. कायमचे असे मला कुठे दिसत नाही." मी भाषांतराचा कागद पुढे केला. तिने दोन्ही कागद एकमेकांशेजारी धरले, एका शब्दावर बोट ठेवले, ते काढले, आणि विचारले, "हे कोणाचे मूल आहे?"

हेग कराराचे चौथे कलम म्हणते, की संमती देणाऱ्याला तिच्या परिणामांची, विशेषतः मूल व जन्मकुटुंब यांचे कायदेशीर नाते तुटणार की नाही याची, माहिती दिलेली असली पाहिजे. संमती स्वेच्छेने आणि लेखी असली पाहिजे, पैसे किंवा मोबदला देऊन मिळवलेली नसावी, आणि आईची संमती मूल जन्मल्यानंतरच घेतलेली असावी. वाचायला हे स्वच्छ आहे. पण मुलाला कोणाकडे तरी वाढायला ठेवण्याची रीत अनेक समाजांत आहे आणि त्यात नाते तुटत नाही. मूल शिकते, मोठे होते, परत येते. कायद्याने जन्माचे नाते पुसून टाकणारे दत्तक ही तिथल्या आयांच्या ओळखीची गोष्टच नसते. सामोआतून मुले नेणाऱ्या अमेरिकेतल्या एका संस्थेच्या लोकांवर याच कारणाने खटला झाला: तिथल्या आईवडिलांना मुले शिकून अठराव्या वर्षी परत येतील, अधूनमधून पत्रे-फोटो येतील, असे सांगितले गेले होते, आणि इकडच्या पालकांना मुले निराधार असल्याचे. दोन्ही बाजूंना खोटे सांगितले की मधला माणूस दोघांच्याही लेखी देवमाणूस ठरतो.

याच सुमारास तयारीवर्गात ओळख झालेल्या एका जोडप्याशी आम्ही बोललो. त्यांना त्याच शिशुगृहातून मुलगा सुचवला गेला होता. संकोच करत करत आम्ही सामाजिक पार्श्वभूमीचे दीड पान एकमेकांना वाचून दाखवले. 'माता अविवाहित, वय २१, स्वभावाने शांत, गायनाची आवड. गर्भधारणेची बाब कुटुंबास अज्ञात. मातेने बालकाच्या उज्ज्वल भवितव्यासाठी हा निर्णय घेतला.' त्यांच्या आईचे वय १९ होते. बाकी सगळे अक्षरशः तेच, गायनाच्या आवडीसह. त्या बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या म्हणाल्या, "एवढ्यावरून काही ठरत नाही." त्यांची तिकिटे निघाली होती. मी त्यांना दोष देत नाही. तिकिटे आमची निघाली असती तर मीही तेच म्हटले असते, याची मला जवळपास खात्री आहे.

घरात मात्र भांडण झाले. आजवरचे सर्वांत मोठे. माझे पती म्हणत होते की आपण नाही म्हटले म्हणून ती मुलगी आईकडे परत जाणार नाही, ती दुसऱ्या घरी जाईल किंवा शिशुगृहात खितपत पडेल. मग आपल्या शुचितेचा तिला उपयोग काय? या प्रश्नाचे मजजवळ धड उत्तर नव्हते आणि आजही नाही. मी इतकेच म्हणू शकले, की आपण दिलेल्या पैशातली ती 'देणगी' पुढच्या मुलीला शोधायला जाईल. मुलामागे रक्कम मिळत असेल तर रिकामे झालेले पाळणे भरायचे काम कोणीतरी करणारच. शिशुगृहाला दर महिन्याला ठरावीक अनुदान मिळाले, मुलामागे मिळाले नाही, तर त्याला आईला समजावून मूल तिच्याकडेच ठेवायला लावण्यात तोटा नसतो. आमची ती एक देणगी एखाद्या बाईला आपले मूल काही वर्षे सांभाळायला पुरली असती. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला, आणि ते उठून दुसऱ्या खोलीत गेले.

दोन दिवसांनी त्यांनीच पत्राचा मसुदा लिहिला. आम्ही अट घातली, की आईची तटस्थ व्यक्तीमार्फत भेट व दस्ताची शहानिशा झाल्याशिवाय पुढचा हप्ता देणार नाही. संस्थेने करारातले कलम दाखवून आमची फाइल बंद केली. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. आम्ही कज्जा केला नाही. नंतर पुन्हा अर्जही केला नाही. माझ्या पतींनी फोनच्या पडद्यावरचा फोटो काढायला पाच महिने लावले.

तक्रार आम्ही केंद्रीय प्राधिकरणाकडे केली. हेग करारात सामील असलेल्या प्रत्येक देशाला असे प्राधिकरण नेमावे लागते. दोन कागदांच्या प्रती, मूळ मजकूर आणि भाषांतर यांची तुलना, शुल्काचे कोष्टक, सगळे क्रमाने लावून दिले. चार महिन्यांनी उत्तर आले, की संबंधित देशाच्या सक्षम अधिकाऱ्याने मूल दत्तकयोग्य असल्याचे प्रमाणपत्र दिलेले असून त्यामागे जाण्याचा अधिकार या कार्यालयास नाही. म्हणजे इकडचे कार्यालय तिकडच्या शिक्क्यावर विसंबून, तिकडचे कार्यालय शिशुगृहाच्या अहवालावर विसंबून, आणि शिशुगृहाचा अहवाल गायनाची आवड असलेल्या त्या आईवर. नेदरलँड्समध्ये परदेशी दत्तकांची चौकशी करणाऱ्या यौस्ट्रा समितीने फेब्रुवारी २०२१ च्या अहवालात आपल्याच सरकारला नेमके हेच ऐकवले होते. गैरप्रकारांची माहिती १९६० च्या दशकापासून शासनाकडे येत होती आणि शासनाने हस्तक्षेप केला नाही, असे तिने लिहिले, आणि परदेशी दत्तक तत्काळ थांबवण्यात आले. आमच्या उत्तराच्या पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला मी भेटले, तेव्हा तो सौजन्याने वागला. त्याने फाइल उघडून दोन्ही पाने पाहिली. अंगठा पाहिला, सही पाहिली. "विचित्र आहे," तो म्हणाला, आणि फाइल मिटली.

मुलगी कुठे गेली हे आम्हाला कळले नाही. 'बालिकेचे पुनर्वसन झाले' एवढे एक वाक्य संस्थेने लिहिले होते. तिला जिथे कुठे नेले असेल तिथे तिच्यावर प्रेम करणारी माणसे असतील, असे मी धरून चालते. परंतु परदेशी दत्तक गेलेली कितीतरी मुले विशी-तिशीत आपले मूळ शोधायला निघतात आणि त्यांच्या हाती येते ते तेच दीड पान. तिच्या नव्या फाइलीत प्रसूतिगृहाचा तो सही असलेला कागद ठेवला असेल, याची शाश्वती मला वाटत नाही. एकदा कोणीतरी बोट ठेवल्यावर असा कागद दुसऱ्या वेळी फाइलीत येत नसतो. मुलाच्या मूळाविषयीची माहिती जपून ठेवण्याची जबाबदारी हेग कराराच्या ३० व्या कलमाने शासनांवर टाकली आहे. त्या कलमाचा हवाला देऊन मी दुसरा अर्ज केला. त्यात तक्रार नव्हती, चौकशीची मागणीही नव्हती. सोबत जोडलेली दोन पाने त्या बालिकेच्या नोंदीत कायमची ठेवावीत आणि तिने कधी विचारणा केल्यास तिला दाखवावीत, एवढीच विनंती होती. खिडकीवरच्या कारकुनाने आधी घेतला नाही, कारण अर्जदार पालक नाहीत आणि बालिकाही नाही, मग हा अर्ज कोणत्या सदरात घ्यायचा ते त्याला कळेना. मी उभीच राहिले. शेवटी त्याने 'इतर' असे लिहून आवक क्रमांक टाकला आणि पोचपावती फाडून दिली. तिची एक प्रत माझ्याजवळ आहे, दुसरी माझ्या पतींनी स्वतःच्या कागदपत्रांत ठेवली आहे, फोनवरून काढलेल्या त्या फोटोच्या मागे.